थट्टा, टिंगल आणि हेटाळणी

मराठीत हसण्याला क्रियापद एकच आहे. दुसऱ्याला हसण्यासाठी मात्र शब्दांची भली मोठी रांग आहे. थट्टा, मस्करी, चेष्टा, फिरकी, टिंगल, टवाळी, टर, खिल्ली, रेवडी, नक्कल, टोमणा, कुचेष्टा, हेटाळणी, उपरोध, उपहास. कोश उघडला तर यांतले बरेच शब्द एकमेकांच्या अर्थासाठी उभे केलेले दिसतात. टिंगल म्हणजे थट्टा, थट्टा म्हणजे चेष्टा, चेष्टा म्हणजे मस्करी आणि मस्करी म्हणजे पुन्हा थट्टा. कोशकाराला दोष देता येणार नाही, त्याच्याजवळ जागा थोडी असते. परंतु बोलणारा माणूस या शब्दांची अदलाबदल करीत नाही. मेहुण्याची थट्टा चालते. त्याची हेटाळणी झाली तर सोयरीक तुटते. मित्राची फिरकी घेतली तर तो उद्या आपली घेतो; त्याला टोमणा मारला तर महिनाभर बोलत नाही. हा फरक कोणी कोणाला शिकवीत नाही, तरी तो सर्वांना कळतो. मग हा फरक नेमका कशात आहे?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात वावरतो. ठाण्याला धीम्या लोकलमध्ये चढले की कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली करीत गाडी कल्याणला पोचते आणि तेवढ्या वेळात डब्यातली बोली अनेकदा बदलते. आगरी, कोकणी मुसलमानांची बोली, उत्तर प्रदेशातून आलेल्यांची उर्दू, मराठवाड्यातून आलेल्यांची दखनी, डोंबिवलीची पुस्तकी म्हणावी अशी मराठी. एवढ्या बोली एका डब्यात कोंबल्या की एकमेकांना हसणे आलेच. त्यातले कोणते हसणे आपल्यातले समजावे आणि कोणते मनाला लावून घ्यावे, हा प्रश्न दोन भाषांत राहणाऱ्याला रोज पडतो. साहित्याच्या टीकेतही हाच प्रश्न विचारायला हवा, असे आमचे म्हणणे आहे. विनोदाची चर्चा आपल्याकडे बहुधा विनोद करणाऱ्याच्या बाजूने होते. ज्याच्यावर विनोद झाला त्याच्या बाजूने ती क्वचितच होते.

प्रथम क्रियापदांकडे पाहू. फिरकी ‘घेतात’. मजा ‘घेतात’. हल्लीची पोरे एखाद्याची ‘शाळा घेतात’. जिथे घेणे आहे तिथे देणेही असते, म्हणून या शब्दांत एक सौदा आहे, आज तुझी, उद्या माझी. टर, खिल्ली, रेवडी मात्र ‘उडवतात’. उडते ते हलके असते. ज्याची टर उडवायची त्याला आधी हलका करावा लागतो, त्याचे वय, हुद्दा, दुःख बाजूला काढावे लागते. टोमणा ‘मारतात’. त्याला लागण्यासाठी जवळ यावे लागते, म्हणून टोमणे घरात जास्त आणि रस्त्यावर कमी. उर्दूत टोमण्याला ‘ताना’ म्हणतात आणि त्याचे मूळ ज्या अरबी धातूत आहे त्याचा अर्थ भाल्याने भोसकणे असा आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच अनुभव टिपला आहे. राहता राहिली हेटाळणी. ती बहुधा ‘होते’. “त्यांची हेटाळणी झाली” असे आपण म्हणतो आणि वाक्य पुरे होते. कोणी केली ते सांगावे लागत नाही, कारण करणारे पुष्कळ असतात आणि त्यांतला एकही स्वतःला करणारा समजत नाही.

आता जोड्या पाहा. थट्टामस्करी, चेष्टामस्करी या जोड्यांत जिव्हाळा आहे. टिंगलटवाळीत तो नाही. टिंगलीला मस्करीशी जोडून बोलायचे कोणाच्या तोंडात सहजी येत नाही. ‘चेष्टा’ हा शब्द तर फार फिरून आला आहे. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, बंगालीत ती प्रयत्नाच्या अर्थाने रुजली, मराठीत तिला हसू फुटले. त्याच चेष्टेला ‘कु’ लावला की हसू विखारी होते. ‘उपहास’ शब्दाची कथाही अशीच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. शास्त्रकाराने इथे हसणाऱ्याची प्रत ठरवली आहे, ज्याला हसले त्याची नाही. ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. पुढे समर्थ रामदासांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या खात्यावर टाकली, तेव्हा त्यांचेही बोट हसणाऱ्याकडेच होते.

या रांगेतले कित्येक शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आहेत. त्यांत पहिला मान मस्करीचा. अरबीतला ‘मस्खरा’ फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याची मस्करी झाली. राजाच्या पुढेमागे करणाऱ्याला आपण ‘खुशमस्कऱ्या’ म्हणतो, तोही याच घरचा. मस्खरा ज्या धातूपासून झाला, तोच धातू कुरआनच्या ‘हुजुरात’ या सूरेतील अकराव्या आयतीत येतो. एका समूहाने दुसऱ्या समूहाला हसू नये, कदाचित ते यांच्याहून चांगले असतील, असा त्या आयतीचा आशय आहे. स्त्रियांनी स्त्रियांना हसू नये हे तिथे वेगळे सांगितले आहे, आणि एकमेकांना चिडवण्याची नावे ठेवू नका असेही बजावले आहे. लक्षात घेण्यासारखे हे की तिथे आधी समूहाचा उल्लेख येतो. एकाने एकाला हसण्यापेक्षा जमावाने जमावाला हसणे अधिक घातक असते, हे त्यात गृहीत धरलेले दिसते. ज्या धातूबद्दल इतका कडक इशारा आहे, त्याचे मराठी लेकरू मात्र या सगळ्या रांगेत सर्वांत मवाळ निघाले. तरीही ‘मस्करीची कुस्करी’ ही म्हण मराठीने जवळ ठेवली आहे. मूळ इशारा दुसऱ्या वाटेने परत आला म्हणायचा.

असेच इतरही शब्दांचे झाले. अरबीतली ‘फजीहत’ म्हणजे मानहानी. मराठीतली फजिती सांगताना माणूस स्वतःच हसतो. ‘नक्कल’ म्हणजे मुळात एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणे, उतरवून घेणे. तलाठ्याकडे सातबाऱ्याची नक्कल मागतात आणि गॅदरिंगमध्ये पोरे मास्तरांची नक्कल करतात. आमच्या मते दोन्ही नकला खऱ्या प्रतीशी जुळाव्या लागतात. ‘अवलिया’ हे वलीचे अनेकवचन, म्हणजे अल्लाहचे जवळचे लोक, संत. मराठीत अवलिया म्हणजे जगाच्या रीतीत न बसणारा माणूस. ‘वल्ली’ही त्याच वलीचे रूप आहे. पु. ल. देशपांड्यांच्या 1962 सालच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकाने हा शब्द घरोघरी नेला. सुफी संतांचे नाव विक्षिप्त माणसाला लावले म्हणून रागावण्याचे काही कारण आम्हांला दिसत नाही. अवलिया, कलंदर, वल्ली हे शब्द उच्चारताना मराठी माणसाचा आवाज मऊ होतो. हसण्याबरोबर थोडे कौतुक आणि थोडा हेवा त्यात असतो.

याउलट “ही काय मोगलाई आहे?”, “मोठा नवाब लागून गेलास!” असे वाक्प्रचारही आहेत. यावर आमच्यातल्या काहींचा आक्षेप असतो. आम्हांला तो टिकणारा वाटत नाही. हे टोमणे सत्तेला आहेत आणि सत्ता गेल्यावरही भाषेत उरले आहेत. मराठी म्हणींनी भटाला सोडले नाही, पाटलाला सोडले नाही, सोनार-शिंप्याला सोडले नाही. नवाबाला का सोडावे? राजाला हसणारी भाषा निरोगी असते. प्रश्न उभा राहतो तो ज्याच्या हाती काहीच नाही त्याला हसले जाते तेव्हा.

इथे आमची कसोटी सांगतो. ज्याला हसले त्याला उलट बोलायची सोय असेल तर ती थट्टा. त्याला बोलायची सोय नसेल, किंवा तो बोलला की त्या बोलण्यालाच पुन्हा हसले जात असेल, तर ती हेटाळणी. टिंगल या दोहोंच्या मध्ये असते आणि कोणत्या बाजूला कलेल ते प्रसंगावर ठरते. ही कसोटी साहित्याला लावून पाहिली तर काही जुन्या कृती नव्याने दिसतात.

पहिले उदाहरण संत एकनाथांचे. सोळाव्या शतकातल्या या पैठणच्या संताने ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात एक हिंदू आणि एक तुर्क समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या देवाधर्माची, सोवळ्याओवळ्याची, उपासनेच्या रीतीची यथेच्छ टर उडवतात. तुर्काच्या तोंडी दखनी वळणाची भाषा आहे, हिंदूच्या तोंडी मराठी. दोघेही बोचरे बोलतात. आजच्या काळात यातले अर्धे बोलणे कोणी व्यासपीठावरून बोलू धजणार नाही. तरी ही रचना हेटाळणीची वाटत नाही. कारण नाथांनी तुर्काला मुका ठेवलेला नाही. हिंदूने एक बोलले की तुर्क दुसरे बोलतो, त्याचे मुद्दे हिंदूच्या मुद्द्यांइतकेच धारदार आहेत आणि शेवटी दोघे एकमेकांना मान देऊन समेट करतात. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी या संवादावर लिहिले आणि त्याचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा जगातल्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. आम्हांला त्यात धडा दिसतो तो नाट्यलेखनाचा. दुसऱ्या समाजाच्या माणसाला हसायचे असेल तर आधी त्याला तोंड द्यावे.

दुसरे उदाहरण श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’चे कर्ते. मराठीत मुसलमानाला त्या काळी ‘अविंध’ म्हणत. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत असा. म्हणजे बारशात कान टोचणाऱ्यांनी न टोचणाऱ्यांना दिलेले हे नाव. शेख महंमदांनी ते नाव झिडकारले नाही. स्वतःच्या कवितेत स्वतःच स्वतःला लावून घेतले आणि त्याच्या शेजारी भक्तीची ओळख ठेवली. दुसऱ्याने ठेवलेले नाव आपणच उच्चारले की त्यातला काटा निघतो, ही युक्ती त्यांना साडेतीनशे वर्षांहून आधी माहीत होती. ज्याने टोमणा मारायचा त्याच्या हातात मग काही उरत नाही.

तिसरे उदाहरण अलीकडचे आणि सर्वांच्या परिचयाचे. मालवणी बोली मराठी रंगभूमीवर फार काळ गडीमाणसांच्या तोंडी, हशा मिळवण्यापुरती येत असे. 1980 साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ आले. त्यात गावची मंडळी नाटक बसवतात आणि त्या नाटकाचा बोजवारा उडतो. हसे होते ते मालवणी माणसांचेच. परंतु लिहिणारा मालवणी, तात्या सरपंच उभा करणारे मच्छिंद्र कांबळी मालवणी आणि समोर हसणाऱ्यांतही मालवणी माणूस पहिल्या रांगेत. या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. बोली तीच, विसंगती त्याच, हशाही तोच. फरक इतकाच की हसण्याची सूत्रे मालवणी माणसाच्या हाती आली. दखनीच्या बाबतीत असेच काम गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीब यांनी केले. ज्या बोलीला दिल्ली-लखनौची उर्दू नाक मुरडत असे, त्या बोलीत त्यांनी मुशायरे गाजवले. लोक हसायला आले आणि सासू-सुनांची, गरीब बापांची दुःखे ऐकून डोळे पुसत गेले.

या मालिकेत आमच्या परिषदा-संमेलनांतून ज्यांची चर्चा व्हावी तेवढी होत नाही असे एक नाव आहे, नाटककार शफाअत खान यांचे. त्यांच्या ‘शोभायात्रा’ नाटकात स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्त मिरवणुकीसाठी काही माणसे राष्ट्रपुरुषांची सोंगे घेऊन थांबलेली आहेत. मिरवणूक निघायला वेळ लागतो आणि सोंगाआडचा माणूस बाहेर येऊ लागतो. हा उपहास आहे, पण तो गांधी-नेहरूंचा नाही. सोंग घेऊन मिरवणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे. मुसलमान लेखकाने मुसलमानांवरच लिहावे ही अपेक्षा खान यांनी बाजूला ठेवली आणि साऱ्या समाजाला हसण्याचा नागरिकाचा हक्क बजावला. आमच्या मते मराठी मुस्लिम लेखकाच्या हाती लागलेली ही मोठी सनद आहे.

उर्दूत याबाबत शिस्त जुनी आहे. तिथे ‘तंज’ आणि ‘मिजाह’ असे दोन शब्द जोडीने येतात. तंज म्हणजे उपरोध, मिजाह म्हणजे निखळ विनोद. एखाद्याचे वाभाडे काढणाऱ्या कवितेला ‘हज्व’ म्हणतात आणि अठराव्या शतकातले सौदा तिचे उस्ताद मानले जातात. कोणी दुखावले की ते गुंचा नावाच्या नोकराला कलमदान आणायला सांगत, अशी आख्यायिका आहे. मर्मी बसणाऱ्या चिमट्याला उर्दूत ‘फबती’ म्हणतात. फबना म्हणजे शोभणे, अंगाला बरोबर बसणे. फबती अंगाला बसली नाही तर ती फबती नव्हेच, नुसती शिवी. गझलेने तर शतकानुशतके शेख, वाइज आणि जाहिद यांची, म्हणजे आपल्याच धर्मोपदेशकांची टर उडवली आणि मशिदीत जाणाऱ्यांनीच त्या शेरांना दाद दिली. आपल्या महाराष्ट्रातले, जालन्यात जन्मून मुंबईत स्थिरावलेले युसूफ नाजिम हे याच परंपरेतले उर्दू विनोदकार. मराठी वाचकाला चिं. वि. जोशींचा चिमणराव आठवावा. तोही आपल्याच मध्यमवर्गाला हसतो. घरच्यांना हसणाऱ्याला शेजाऱ्याला हसण्याचा थोडा अधिकार मिळतो.

पण उर्दूची ही शिस्त पुस्तकातली. व्यवहारात उर्दूवाल्यांनीही हेटाळणी कमी केलेली नाही. ‘शीन-काफ दुरुस्त नसणे’ हा वाक्प्रचार पाहा. ज्याला श आणि घशातला क नीट उच्चारता येत नाही तो अडाणी, असा त्याचा रोख. कोकणी मुसलमान उर्दू बोलू लागला की आमच्याच मंडळींत नजरा भिडतात. उत्तरेकडच्या म्हणींत ‘जुलाहा’ हा मूर्खपणाचा नमुना ठरवलेला आहे. जुलाहा म्हणजे विणकर. कल्याणच्या शेजारची भिवंडी ज्या विणकर घराण्यांच्या हातांवर उभी राहिली, त्यांच्या पूर्वजांना या म्हणी ऐकाव्या लागल्या. त्या समाजाने पुढे मोमीन, अन्सारी ही नावे धरली, त्यामागे या हसण्यापासून सुटका हेही एक कारण होते. समतेचा धर्म सांगणाऱ्यांच्या घरात या म्हणी पिढ्यान्‌पिढ्या चालाव्यात, हे आपण आधी लिहिले पाहिजे. दुसऱ्याच्या कोशातले काटे मोजण्यापूर्वी आपला कोश झाडून घ्यावा.

मराठीत शीन-काफच्या जागी न आणि ण आहेत. ‘पानी’ म्हणणाऱ्याला ‘पाणी’ म्हणणारा हसतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यात ळ येऊन मिळतो. उर्दूत ळ नाही. त्यामुळे वादळाचे वादल होते आणि काळाचा काल. शिवाय ‘किताब’ स्त्रीलिंगी असल्याने ‘ती पुस्तक’ होते. एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत आमच्या शाळेची नववीतली एक मुलगी बोलत होती. विषय तिने स्वतः तयार केला होता आणि मुद्दे चांगले होते. ‘वादल’ हा उच्चार आला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. पुढच्या वेळी तोच शब्द येण्याआधीच हशा तयार होता. तिने भाषण पुरे केले. पुढच्या वर्षी नाव दिले नाही. “सर, लिहिते ना मी. बोलायला नको,” एवढेच तिचे म्हणणे होते. ती आजही मराठी पेपरात चांगले गुण मिळवील, पण चार लोकांत मराठी बोलणार नाही.

त्या हसणाऱ्यांत आगरी घरांतली मुलेही होती. आगरी बोलीतही ळ चा ल होतो, ण चा न होतो. डोंबिवली-दिव्याच्या परिसरात ही बोली पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. त्या मुलांच्या आज्या घरी ‘डोला’ आणि ‘काला’च म्हणत असतील. म्हणजे ‘ल’ तोच, पण एकाच्या तोंडी तो ‘गावठी’ ठरतो आणि दुसरीच्या तोंडी ‘मुसलमानी’. हसे उच्चाराचे होत नाही, उच्चारावरून जे ओळखले जाते त्याचे होते. आणि ज्याला कालपर्यंत हसले गेले तोच ळ जिभेवर बसताच दुसऱ्याला हसायला पुढे सरसावतो. हेटाळणीचा हा सर्वांत वाईट गुण आहे. ती ज्याला लागते त्याला शहाणपण शिकवीत नाही, फक्त रांगेत एक पायरी वर चढायची घाई लावते.

2020 साली महाराष्ट्राने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टींचे आम्ही स्वागत करतो. उर्दू शाळांतून मराठी त्याआधीही शिकवली जात होतीच. पण कायद्याने भाषा वहीत उतरते, जिभेवर उतरायला ऐकणाऱ्याचे सौजन्य लागते. नव्याने बोलणाऱ्याच्या पहिल्या शंभर चुका ज्याला पोटात घालता येतात तोच भाषा वाढवतो. चुका दुरुस्त करू नयेत असे आमचे म्हणणे नाही. आम्ही रोज लाल शाईने तेच करतो. मात्र दुरुस्त करणारा जवळ येतो आणि हसणारा लांब जातो, एवढा फरक त्यात आहे.

म्हणून टीकाकारांनी एक साधी तपासणी करावी असे आम्ही सुचवतो. नाटकात, कथेत, मालिकेत किंवा हल्लीच्या मोबाइलवरच्या विनोदात तोडकी मराठी बोलणारे मुसलमान पात्र आले की पाहावे, त्याला उत्तर दिलेले आहे का? आगरी बाई, भय्या, गावाकडचा म्हातारा, तोतरा मुलगा यांच्याबद्दलही हेच पाहावे. पुलंचा अंतू बर्वा रत्नागिरीच्या आळीत बसून साऱ्या जगाची टर उडवतो, मोठमोठ्या पुढाऱ्यांनाही सोडत नाही. पण घरात वीज घेत नाही त्याचे कारण तो सांगतो तेव्हा कळते की त्याचा सर्वांत धारदार टोमणा स्वतःच्या दारिद्र्याला आहे. अंतूला बोलता येते म्हणून तो वल्ली आहे. बोलता आले नसते तर तोच माणूस आळीतल्या पोरांच्या टिंगलीचा विषय झाला असता.

आमच्या लेखकांसाठीही यात काम आहे. आपल्यावर होणाऱ्या हेटाळणीच्या तक्रारी आपण पुष्कळ लिहिल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. आता उत्तर देणारी पात्रे लिहायला हवीत. मुंब्र्याची एखादी खाला, जी ‘ळ’ न उच्चारताही भाजीवाल्याची फिरकी घेते आणि स्वतःही हसते. कल्याणच्या दूधनाक्यावरचा एखादा म्हातारा, जो आपल्याच मौलवीसाहेबांना फबती ऐकवतो आणि मागोमाग त्यांच्यासाठी चहा मागवतो. अशी माणसे आपल्या भोवती आहेत, पुस्तकात फार थोडी आहेत. ती आली तर वाचक त्यांना हसेल, त्यांच्याबरोबर हसेल आणि त्यांचेही दोन शब्द ऐकून घेईल. मराठीने अरबी मस्करीला आपल्या थट्टेशेजारी बसवून ‘थट्टामस्करी’ हा एक शब्द केला आहे. शब्दांना जे जमले ते माणसांना जमायला हरकत नसावी.